पाठांतराची घाई नको

प्रिय दोस्ता,

नाटकात एवढी मोठी भूमिका मिळाली, वा! पण पत्रात खाली तूच लिहिलंयस की पहिल्या अंकाचे संवाद पाठही झालेत. मी कपाळाला हात लावला.

अरे, एकट्यानं घोकलेलं वाक्य बोलण्याच्या चालीसकट पाठ होतं. मग समोरचा नट काहीही आणि कसंही बोलो, तुझी चाल तीच. दिग्दर्शकाच्या निम्म्या तालमी ती मोडण्यात जातात.

आधी संहिता वाच. सगळी, तू ज्यात नाहीस ते प्रवेशसुद्धा. पात्र स्वतःबद्दल काय बोलतं आणि त्याच्या माघारी इतर काय बोलतात, हे शेजारी-शेजारी लिहून काढ. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथे जास्त वेळ घालव. मग प्रत्येक एन्ट्रीला विचार, हा आला कुठून आणि याला समोरच्याकडून काय हवंय? रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की नटांना हेच विचारायला लावायचा. ‘दार लाव’ एवढंच वाक्य घे. गुपित सांगायचं असेल तर नजर आधी दाराकडे जाते, आवाज आपोआप उतरतो. समोरच्याला हाकलायचं असेल तर नजर त्याच्यावरून हलतच नाही. ‘रागानं म्हण’ हे कुणाला सांगावंच लागत नाही.

पण वाचनातच अडकूनही राहू नकोस. खुद्द स्तानिस्लाव्हस्कीनं उतारवयात टेबलाभोवतीची लांबलचक चर्चा कमी करून नटांना लवकर उभं करायला सुरुवात केली होती. हालचाली बसल्या की उठतानाचं वाक्य उठण्यालाच चिकटतं, वेगळं घोकावं लागत नाही.

एखादी जागा अडलीच, तर जर्मन नाटककार ब्रेख्तनं 1940 च्या एका टिपणात सुचवलेली युक्ती कर. संवाद तृतीय पुरुषात, भूतकाळात, रंगसूचनेसकट बोलायचा: ‘तो उठला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, मी येत नाही.’ त्या ‘न बघता’शी तू थबकतोस. का नाही बघत हा? रडवेला सूर तर तिथल्या तिथे गळून पडतो. (स्तानिस्लाव्हस्की आणि ब्रेख्त या दोघांना एकमेकांसमोर उभं करून भांडवायची अभ्यासकांना फार हौस. तालमीत मात्र दोघंही कामाला येतात.)

आणि हो, प्रयोगात घालायच्या वहाणा आत्ताच मागून घे. रंगीत तालमीला पहिल्यांदा घातल्यास, तर इतक्या दिवसांत कमावलेली चालण्याची ढब तिथेच बिघडेल.

संहितेची एक प्रत मला पाठव. समोरच्याची वाक्यं मी फोनवरून वाचतो, दर वेळी वेगळ्या तऱ्हेनं. बघू तुझी ती घोकलेली चाल किती टिकते!

तुझाच,
जुना नाटकवाला मित्र