बाई, ‘तुझे राज्य येवो’ शिकवल्याबद्दल

आदरणीय बाई,

प्रभूच्या नावात सलाम.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आभार मानायचे म्हणजे उपासना संपता संपता कोणीतरी उठतं, दोन वाक्यं बोलतं, शाल पांघरवतं आणि सगळे चहाकडे वळतात. ‘तुझे राज्य येवो’ या प्रभूच्या प्रार्थनेतल्या ओळीला धरून तुम्ही गुरुवारी देवाच्या राज्यावर घेतलेल्या अभ्यासाचं तसं होऊ नये म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की दुसऱ्या मंडळ्यांनाही यातलं पुष्कळ उचलता येईल.

सगळ्यात आधी तुम्ही राज्याला दफनभूमीच्या पलीकडून अलीकडे आणलंत. ‘अमके देवाच्या राज्यात गेले’ हे आपण इतक्यांदा ऐकतो, की राज्य म्हणजे मेल्यावरचा पत्ता असंच डोक्यात बसतं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात (१:१५) ‘देवाचे राज्य जवळ आले आहे’ हे येशू गालीलातल्या जिवंत, कामावरच्या माणसांना सांगतो, आणि पुढच्याच ओळीत समुद्रात जाळं टाकणारे कोळी येतात. राज्य म्हणजे देवाची सत्ता मानून चाललेला कारभार. तो येशूत सुरू झाला, पुरा व्हायचा आहे. दोन्ही टोकं धरायला हवीत. नुसतं ‘सुरू झाला’ धरलं, की बरा न झालेल्या आजाऱ्यालाच ‘तुझा विश्वास कमी’ असं ऐकवलं जातं. नुसतं ‘व्हायचा आहे’ धरलं, की आजचा अन्याय आरामात उद्यावर ढकलता येतो. आपल्याकडे दोन्ही रोग आहेत, दुसरा जरा जास्त.

मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, तुम्ही सरळ मजूर नाक्यावर नेलात. त्यात मळ्याचा मालक पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा जाऊन मजूर आणतो. दिवस सकाळी सहाला धरायचा. मग तिसरा तास नऊचा, सहावा बाराचा, नववा तीनचा आणि अकरावा संध्याकाळी पाचचा. पाच वाजेपर्यंत उभे असलेले लोक विचारल्यावर सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. नाका पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही: आधी धट्टेकट्टे उचलले जातात, मग बाकीचे, आणि मागे राहतात ते म्हातारे आणि अंगाने बारीक. मालक त्यांनाही सकाळपासून राबलेल्यांइतकाच पुरता एक दिनार देतो, म्हणजे एका घराची एका दिवसाची चूल.

यावरून तुम्ही घालून दिलेले नेम इथे मुद्दाम लिहितो. रोजंदारी त्याच संध्याकाळी हातात द्यायची, कारण मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये असं लेवीय १९:१३ सांगतं. सुटे नाहीत ही सबब चालणार नाही, सुटे सकाळीच आणून ठेवायचे. बोलावलेला मजूर सिमेंट आलं नाही म्हणून परत गेला, तर खाडा त्याचा नाही, त्या दिवसाची मजुरी द्यायची. घरकामाच्या मावशींच्या महिन्याच्या सुट्ट्या आधी ठरवायच्या, त्या पगारी धरायच्या, आजारपणाचे दिवस कापायचे नाहीत. त्यांचा कप वेगळा ठेवायचा नाही. गडबड कुठे होते तेही तुम्ही सांगितलंत: वर्षभर मजुरीत काटकसर करून आपण नाताळात साडी देतो आणि हात झटकतो. साडी जरूर द्यावी, पण मजुरीचा हिशोब मिटल्यावर.

क्षमेचा दाखला (मत्तय १८) तुम्ही पाटीवर आकडे मांडून शिकवलात. राजाने चाकराचं १०,००० तालांतांचं कर्ज माफ केलं, आणि त्याच चाकराने १०० दिनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरला. एक तालांत साधारण ६,००० दिनारांचा, आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणजे पहिलं कर्ज ६ कोटी दिवसांचं, दुसरं १०० दिवसांचं, फरक ६ लाख पटींचा. बहुतेक प्रवचनं इथे थांबतात. तुम्ही पुढे म्हणालात, की १०० दिनारही काही चिल्लर नव्हे. तीन-चार महिन्यांची कमाई कोणी बुडवली तर आपणही गळा धरायला धावू. क्षमा महाग पडते, हे आधी कबूल करायचं आणि मग ती करायची.

त्याच अध्यायात थोडं आधी (१८:१५-१७) भांडण मिटवायच्या पायऱ्या आहेत: आधी दोघांनीच एकांतात बोलायचं, नाही जमलं तर आणखी एकदोघांना घेऊन जायचं, तरीही नाही तर मंडळीला सांगायचं. आपण नेमके तिसरीपासून सुरू करतो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीला अर्ज जातो, आणि त्याच्याही आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आडून टोमणा जातो. तुमच्या सूचना उपयोगी पडणाऱ्या होत्या. स्वतः जाऊन समोरासमोर बोलायचं, फोनवर नाही. पहिल्या भेटीत एकच गोष्ट काढायची, सगळ्यात अलीकडची. दहा वर्षांचं गाठोडं सोडायचं नाही. दुसऱ्या पायरीला आपल्या बाजूची माणसं न्यायची नाहीत, ज्यांच्यापुढे समोरचाही मोकळा बोलेल अशी न्यायची. आणि प्रभुभोजनाच्या रविवाराआधीचा आठवडा यासाठी राखायचा, कारण अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर असं मत्तय ५:२३-२४ मध्ये स्पष्ट आहे.

यात तुम्ही घातलेली अट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. घरात मारहाण होत असेल तिथे ही पहिली पायरी लागू नाही. मार खाणाऱ्या बाईला ‘एकांतात बोल, क्षमा कर’ म्हणून परत पाठवणं हा वचनाचा गैरवापर आहे. आधी तिला सुरक्षित जागी हलवायचं, पोलीस आणि वकील बघायचे. क्षमा करणं निराळं आणि परत नांदायला जाणं निराळं. हे वाक्य व्यासपीठावरून फार कमी वेळा ऐकू येतं.

मोहरीच्या दाण्याच्या दाखल्यावर तुम्ही फार वेळ घालवला नाहीत, बरं झालं. खमिरावर मात्र रमलात. देवाचं राज्य खमिरासारखं, ते एका बाईने तीन मापं पिठात मिसळलं, असा तो दाखला (मत्तय १३:३३). तीन मापं म्हणजे जवळजवळ ४० लिटर, वजनाने वीस किलोच्या वर पीठ. हे एका घराचं जेवण नाही, गावजेवणाचा घाणा आहे. आणि खमीर म्हणजे पाकिटातलं यीस्ट नव्हे, आदल्या दिवशीच्या आंबलेल्या पिठाचा गोळा. तो सबंध पिठात मळावा लागतो. एका कोपऱ्यात तसाच राहिला, तर तेवढाच भाग आंबट होतो आणि बाकीचा गोळा बसलेला राहतो. थंडीत त्याला वेळ लागतो, उतावीळपणे भट्टीत घातलं तर भाकर दगड होते. आपली सगळी चांगली माणसं मंडळीच्या कमिट्यांतच गुंतलेली असतात, त्यांच्या सोसायटीच्या, बँकेच्या, ग्रामपंचायतीच्या बैठकीत कोणी दिसत नाही, हे तुम्ही इथेच ऐकवलंत. झोंबलं, पण खरं होतं.

मंडळी म्हणजेच राज्य, हा गैरसमज दूर करताना तुम्ही ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण दिलंत, तेही इथे नोंदवतो. १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. १९१९ मध्ये टिळक गेले, दरबार फार टिकला नाही. त्यांचं सगळंच पटायला हवं असं नाही. बाप्तिस्म्याचं महत्त्व कमी होतं का, यावर आपल्यात झालेला वाद अजून मिटलेला नाही आणि मिटायची घाईही नाही. पण राज्याचं कुंपण आपल्या सभासदांच्या यादीपेक्षा मोठं असू शकतं, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

तुमच्या वहीच्या झेरॉक्स काढायला परवानगी दिलीत, त्याबद्दल वेगळे आभार. पेरणाऱ्याचा दाखला मात्र राहिला. तो रब्बीच्या पेरण्या उरकल्यावर घ्या, म्हणजे गावाकडची मंडळीही येतील. बी वाटेवर पडतंच कसं, हे त्यांच्याइतकं नीट आम्हाला कोणी सांगणार नाही.

आपले,
गुरुवारच्या अभ्यासातले सर्वजण