बाबा, पंप आता खाली ठेवा

ती. आई-बाबांस,
सा. न.

कपाशीवर मावा पडलाय आणि बाबा स्वतः फवारायला निघालेत, असं आई फोनवर म्हणाली. बाबा, आता पाठीवर पंप घ्यायचा नाही.

आखाजीला आले तेव्हापासून मनात आहे. चालताना तुमचा डावा हात हलत नाही, अंगाला धरून राहतो. सोसायटीच्या कागदावरची सही शेवटाकडे बारीक बारीक होत गेली. आईने ठेच्याच्या मिरच्या भाजल्या, अख्खं घर खोकलं, तुम्हाला वासच आला नाही. तुम्ही म्हणता वय झालं. पण ही कंपवाताची, पार्किन्सनची लक्षणं असू शकतात. वास तर हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी जातो.

या आजारात मेंदूतल्या डोपामीन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. केळीत तणावर मारायचात त्या पॅराक्वाटचा याच्याशी संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. युरोपीय संघात ते 2007 पासून बंद आहे. फ्रान्सने 2012 मध्ये कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन हा कामामुळे होणारा आजार मानला. तुम्हाला तोच झालाय असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण इतकी वर्षं काय काय फवारलं, ते त्यांना आपणहून सांगायला हवं. नाहीतर ते विचारतीलच असं नाही.

मोनोक्रोटोफॉस हे किडीचं औषध मारून आलात की डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, तोंडाला पाणी. ‘औषध लागलं’ म्हणत लिंबूपाणी पिऊन झोपायचात. बाबा, ती विषबाधाच होती. ते विष कातडीतूनही आत जातं. 2017 ला यवतमाळकडे कपाशी फवारताना माणसं गेली, ती आपल्यासारखीच होती.

आणि आई, तू ते भिजलेले कपडे उघड्या हातांनी घासतेस. इतर कपड्यांत मिसळू नकोस, हातमोजे घाल.

पंप सालदाराच्या पाठीवर देऊनही भागणार नाही, त्यालाही लेकरं आहेत. पानं उलटून बघा, ढालकिडे दिसले तर थोडं थांबा, ते मावा खातात. फारच झालं तर निंबोळी अर्क मारू.

रविवारी येतेय. सोमवारी जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊ. गोठ्याच्या फळीवरचे औषधांचे डबे फेकू नका. त्यांच्या लेबलांचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवायचेत.

तुमची,
सुमन