ड्रममध्ये टाकण्याआधी दगड नीट पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अकीक (अॅगेट, म्हणजे वलये असलेला कठीण दगड) आणि गारगोट्या घरच्या घरी घोटून चकचकीत करण्याच्या छंदावर आलेला लेख वाचला. या विषयाला मराठी वृत्तपत्रात अर्धे पान मिळालेले मी प्रथमच पाहिले आणि त्याचा आनंद झाला; परंतु निवृत्तीनंतरची नऊ वर्षे मी हाच उद्योग करीत आलो असल्याने त्यातील काही विधाने खटकली. विशेषतः प्रवरेच्या आणि गोदावरीच्या काठी जाऊन आवडेल तो दगड उचलावा आणि सरळ यंत्रात टाकावा, हा सल्ला वाचकांनी जसाच्या तसा पाळला तर होणारे नुकसान भरून येण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी त्यातल्या त्यात किरकोळ गोष्ट. आठवडाभरात दगड काचेसारखे होतात, असा लेख वाचून समज होतो. तसे होत नाही. रबरी ड्रम दोन रुळांवर आडवा पडून संथपणे फिरत राहतो, आत दगड, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची, म्हणजे बाजारात ज्याला कार्बोरंडम म्हणतात त्याची, भरड पूड असते, आणि वर चढलेले दगड एकमेकांवरून घरंगळत खाली येताना मध्ये सापडलेली पूड त्यांना घासत राहते. यंत्राचे काम एवढेच. खनिजांची कठिणता १ ते १० अशी सांगणाऱ्या मोह्सच्या मापावर अकीकाची कठिणता सुमारे ७ आणि या पुडीची ९ हून अधिक असल्यामुळे हे घासणे शक्य होते, पण त्याला वेळ लागतो. पहिल्या भरड पुडीचाच आठवडा होतो, आणि दगड खडबडीत असतील तर जुनी पूड धुऊन नवी घालून दुसरा, कधी तिसराही आठवडा द्यावा लागतो. त्यानंतर अधिक बारीक, २२० क्रमांकाची पूड, मग त्याहून बारीक ५०० किंवा ६०० ची, आणि शेवटी झिलईसाठी अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेला पॉलिश करणारे कारागीर वापरतात ते सेरियम ऑक्साइड. प्रत्येक टप्प्याला साधारण एक आठवडा धरला तरी महिना-दीड महिना सहज जातो. आमच्याकडे त्यात वीज जाण्याचे तास वेगळे. ड्रम थांबला की आतला राडा तळाशी बसून घट्ट होतो, तेव्हा वीज आल्यावर झाकण उघडून, हाताने ढवळून मगच यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. त्यामुळे मी दिवस मोजणे सोडून दिले असून भिंतीवरच्या पाटीवर तास लिहितो.

ड्रम दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरलेला असावा, हे लेखात सांगायला हवे होते. त्याहून कमी भरला तर दगड उंचावरून आपटून कडांना टवके उडतात, आणि काठोकाठ भरला तर ते जागचे हलत नाहीत. नीट भरलेल्या ड्रमचा आवाज दूरवर पडणाऱ्या पावसासारखा सलग येतो. ठक ठक ऐकू आली की ड्रममध्ये दगड कमी पडले आहेत, असे समजावे. शिवाय प्रत्येक टप्प्यानंतर दगड, ड्रम आणि झाकणाची खाच दात घासण्याच्या जुन्या ब्रशने धुऊन काढली नाही, तर भरड पुडीचा एखादा कण शेवटच्या झिलईत शिरतो आणि महिनाभराच्या कामावर ओरखडे उमटवतो. दगड पारखायचा तो पूर्ण कोरडा करून. ओले दगड सगळेच सुंदर दिसतात, आणि नवशिक्यांची पहिली फसगत तिथेच होते. माझीही झाली होती.

आता दगडांच्या निवडीविषयी. दख्खनच्या पठारावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि त्यात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून झिरपणाऱ्या पाण्यातील सिलिका कडेकडेने साचत गेली आणि वलयांचे अकीक तयार झाले. भोवतीचा काळा खडक कुजून त्याची माती होते, अकीक मात्र तसाच उरतो, म्हणून तो आपल्याकडे शेताच्या बांधावर, विहिरीच्या मुरुमात आणि नदीच्या गोट्यांत सापडतो. पण त्याच पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट असे मऊ आणि ठिसूळ स्फटिकही वाढलेले असतात, आणि हे स्फटिक अकीकाबरोबर ड्रममध्ये गेले की त्यांचे पीठ होते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते ड्रममध्ये टाकण्याची इच्छाच होणार नाही. शंका असेल तर चाकूच्या टोकाने दगडाला ओरखडा काढून पाहावा. ओरखडा उमटला तर तो दगड अकीक नव्हे. तसेच ज्याला तडा आहे असा दगड घेऊ नये, कारण तड्यात बसलेली भरड पूड कितीही धुतली तरी पुढच्या टप्प्यात बाहेर पडतेच.

इथपर्यंतच्या चुकांत आपले श्रम आणि पैसे जातात, इतर कोणाचे काही बिघडत नाही. नदीकाठच्या दगडांची गोष्ट वेगळी आहे. ज्ञानदेवांच्या खांबामुळे अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले नेवासे प्रवरेच्या काठी आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ पासून उत्खनन झाले आणि त्या परिसरातील नदीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांतून अश्मयुगीन माणसाने चर्ट, जॅस्पर, अकीक अशाच दगडांपासून घडवलेली हत्यारे मिळाली. त्याच प्रवरेवर दायमाबाद आहे आणि पलीकडे शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगाव. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांना तांबे जपून वापरावे लागे, त्यामुळे रोजच्या कापण्या-खरवडण्यासाठी ते कॅल्सिडनीची, म्हणजे अकीकाच्याच कुळातल्या दगडाची, लहान लांबट पाती काढीत. ज्याला आपण सुंदर दगड म्हणतो, त्याला तेही चांगला दगड म्हणत असणार, आणि कारणही जवळपास तेच: एकजीव, कठीण, आणि फुटला की धारदार कड देणारा. म्हणूनच आपली नजर जिथे जाते तिथे त्यांचे काम पडलेले असण्याचा संभव अधिक असतो.

माणसाने घडवलेला दगड ओळखणे नवख्याला अवघड असले तरी अशक्य नाही. आघात करून काढलेल्या छिलक्याच्या आतल्या अंगाला, जिथे घाव बसला त्याच्या लगेच खाली, हलकासा फुगवटा असतो आणि त्याभोवती पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी मंद वलये असतात. पाते असेल तर ते रुंदीच्या दुप्पट किंवा अधिक लांब, दोन्ही कडा जवळजवळ समांतर, आणि पाठीवर एक-दोन सरळ कणे. पाती काढून उरलेला गाभा तर सभोवती उभ्या पन्हाळी पडल्यासारखा दिसतो. कडेवर एका ओळीत बारीक टवके काढलेले दिसले तर कोणी तरी ती धार मुद्दाम नीट केली असावी. नदीत वाहून आलेल्या दगडांवरही टवके असतात, पण ते कसेही आणि कुठेही उडालेले असतात, त्यांना ओळ नसते. ही सर्व चिन्हे दगडाच्या पृष्ठभागावर आणि कडांवर असतात, आणि ड्रम सर्वांत आधी नेमक्या कडाच खातो. पहिल्या आठवड्यातच पात्याचा गोटा होतो. नंतर तो कोणत्याही तज्ज्ञाला दाखवला तरी त्याला सांगण्यासारखे काही उरत नाही.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. छंदाच्या दुसऱ्या वर्षी एका नदीकाठाहून आणलेल्या पिशवीत बोटाएवढा, मधाच्या रंगाचा एक लांबट तुकडा होता. त्याची पाठ कशी काय इतकी सरळ, असे तेव्हा मनात आले होते, एवढे आठवते. तो उत्तम झिलई घेऊन निघाला आणि नातीने त्याचे पदक करून घेतले. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात काचेमागे मांडलेली पाती पाहताना मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. माझा तुकडा तसा होता की नव्हता, हे आता मला किंवा इतर कोणाला कळण्याचा मार्ग नाही, कारण तो मार्ग मीच महिनाभर वीज जाळून घासून टाकला. शिवाय असा दगड जागेवरून उचलण्यानेही निम्मी माहिती जाते. तो कोणत्या थरात होता, शेजारी काय होते, हे पिशवीत भरून आणता येत नाही. तेव्हा संशय आला तर दगड आहे तिथेच ठेवावा, जागेसह छायाचित्र घ्यावे आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवावे. ज्ञात पुरातत्त्वीय स्थळांवरून तर काहीच उचलू नये. छंदासाठी विहिरीच्या कडेला टाकलेला मुरूम, खाणीबाहेरचा ढिगारा, शेतकऱ्याने वेचून बांधावर लावलेले दगड हे साठे, मालकाला विचारून घेतले तर, पुरून उरतात.

लेखात मोठे दगड हातोडीने फोडून घेण्याविषयीही लिहिले आहे. इथे गुजरातेतील खंभातची, आपल्या जुन्या खंबायतची, आठवण द्यायला हवी. भडोचजवळच्या रतनपूरचे अकीक भाजून लाल करणे आणि त्यांचे मणी घडवणे ही तिथली जुनी कला. पूर्वी तिथे मणी आणि घर्षक पूड चामड्याच्या पिशवीत भरून दोन माणसे ती पिशवी दिवसेंदिवस इकडून तिकडे लोळवीत, म्हणजे आपला ड्रम त्या पिशवीचाच नातू. परंतु चाकावर अकीक कोरडा घासणाऱ्या तिथल्या कारागिरांना सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस जडतो, आणि फुप्फुसाच्या या आजारावर बरे करणारे औषध नाही. ड्रममध्ये सगळे ओले असल्याने छंदिष्टाला तेवढे भय नसते, पण फोडताना दगड भिजवलेला असावा, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर धुळीसाठीचा योग्य मास्क असावा, आणि मुलांनी आसपास थांबू नये. ड्रममधून निघालेला राडा वाळू देऊन झाडणे ही चूक तर बहुतेक जण करतात. तो बादलीत स्थिर होऊ द्यावा, वरचे पाणी ओतून टाकावे आणि खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून टाकावा. मोरीत मात्र ओतू नये. मी एकदा ओतला होता. आत बसून त्याचे सिमेंटसारखे झाले आणि नळ कारागिराने पाइपचा तेवढा तुकडा कापून माझ्या हातात ठेवला.

पुरवणीच्या पुढील अंकात गोटा, छिलका आणि पाते यांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापता आली तर वाचकांना ओळखायला फार मदत होईल. आणखी एक विनंती लेखकासाठी. लेखासोबत घोटण्यापूर्वीच्या दगडांच्या ढिगाचे जे छायाचित्र आहे, त्यात पुढे उजव्या बाजूला एक फिकट करडा, लांबट तुकडा दिसतो आणि त्याच्या दोन्ही कडा समांतर वाटतात. छपाईत चूक होऊ शकते, माझी नजरही आता पूर्वीची नाही. पण तो अजून ड्रममध्ये गेला नसेल तर तेवढा बाजूला काढून ठेवावा.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक