अंबै यांची ओळख पुरस्कारापाशीच का थांबते?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवण्यांमधून परभाषिक कथाकारांची ओळख अधूनमधून करून दिली जाते. तमिळ लेखिका अंबै यांच्यावर लिहायची वेळ आली की मजकूर ठरलेला असतो: साहित्य अकादमी पुरस्कार 2021, स्त्रीवादी लेखिका, एक छायाचित्र. या बाई कित्येक दशके मुंबईत राहतात. त्यांच्या कथांमध्ये अंधेरीचा पूल आहे, मराठी पोलीस निरीक्षकही आहे. तरी मराठी वाचकाच्या पदरात एवढेच पडते. पुढच्या वेळी आपण त्यांच्यावर काही छापाल तेव्हा उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र.

त्यांचे खरे नाव सी. एस. लक्ष्मी. जन्म 1944चा, कोइंबतूरचा. लहानपण मुंबई आणि बंगळुरूत गेले. पीएच.डी. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची, आणि तीही साहित्यातली नव्हे. 1956च्या फसलेल्या उठावानंतर हंगेरी सोडून गेलेल्या निर्वासितांवरची. टोपणनावाचा धागा दुहेरी आहे. देवन या तमिळ लेखकाच्या एका कथेत नवऱ्याच्या जाचातली बायको ‘अंबै’ या नावाने लिहू लागते, तिथून ते उचललेले. शिवाय पुढे शिखंडी होणारी महाभारतातली अंबाही मनात होतीच.

आता मुख्य तक्रार. त्यांची कथा छापताना किंवा तिच्याविषयी लिहिताना ती केव्हाची, हे कुणी सांगत नाही. ‘सिरगुकळ् मुरियुम्’ म्हणजे ‘पंख मोडतात’ ही कथा 1967ची. त्याच नावाचा संग्रह आला 1976 साली. चिक्कू नवऱ्याशी संसार करणाऱ्या छायाची ही गोष्ट आज वर्षाविना वाचली तर ‘हे तर कितीदा वाचलेय’ असे वाटते. 1967 हा आकडा शेजारी आला की तीच कथा वेगळी दिसते, कारण तेव्हा लेखिकेचे वय होते तेवीसच्या आसपास. त्याआधी त्यांनी लिहिलेली ‘अंदि मालै’ ही कादंबरी सरळ, गोड वळणाची होती आणि ‘कलैमगळ्’ मासिकाचे पारितोषिकही तिला मिळाले होते. बक्षीस मिळवून देणारी वाट त्यांनी स्वतः सोडली. ओळखलेखात यायला हवी ती ही गोष्ट, पुरस्कारांची यादी नंतर.

‘स्त्रीवादी’ एवढ्या शिक्क्याने काय हुकते, ते ‘वीट्टिन् मूलैयिल् ओरु समैयलरै’ (घराच्या कोपऱ्यात एक स्वयंपाकघर) या कथेत स्पष्ट दिसते. संग्रह 1988चा. घर अजमेरचे, माणसे भरपूर, खाण्यापिण्याची चंगळ. लेखिका अन्यायावर भाष्य करत बसत नाही, स्वयंपाकघराची मोजमापे देते. खिडकीखाली नळ आणि बेसिन. बेसिन इतके लहान की एक मोठे ताट मावत नाही. त्याखाली मोरी, तिला कठडा नाही. नळ सोडला की पाणी थेट पायांवर, दहा मिनिटांत पायाखाली तळे. सतत ओल्यात उभे राहून तळव्यांना आणि टाचांना भेगा. खिडकीबाहेर मात्र हिरवे डोंगर. दक्षिणेकडून आलेली सून मीनाक्षी सुधारणा सुचवते. पुढे घडते ते एवढेच, की व्हरांड्यात नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या जातात आणि वाळत घातलेल्या कपड्यांआड डोंगरही दिसेनासे होतात. सासरा ओरडत नाही, सून रडत नाही. प्लंबिंगच्या तपशिलावर एवढी कथा तोलून धरणारे दुसरे कुणी आम्हाला तरी चटकन आठवत नाही.

हाच हात त्यांच्या दहिसरच्या कामातही दिसतो. 1988 मध्ये नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांच्यासह त्यांनी स्त्रियांविषयीच्या ध्वनी-चित्र नोंदींचे ‘स्पॅरो’ हे संग्रहालय उभे केले. (नीराबेन म्हणजे एसएनडीटी महिला विद्यापीठात 1974 साली स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू करणाऱ्या.) मौखिक इतिहासाचे काम बाहेरून वाटते तितके सोपे नसते. एखाद्या बाईला प्रश्न विचारावा तर उत्तर घरातला पुरुष देऊ लागतो. ‘मी काय केले हो, काही नाही’ इथून सुरुवात होते. मग घर, भांडी, प्रवास, पगार असे ठोस विचारत गेले की आठवणी येतात. फितीवर बोलणारीचे नाव, तारीख, ठिकाण नोंदवायचे राहिले तर ती वर्षभरात निरुपयोगी होते, आणि मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते ती वेगळीच. म्हणून लगेच प्रतिलेखन, दुसरी प्रत, सूची. गायिका आणि नर्तकींशी त्यांनी केलेल्या दीर्घ संभाषणांची इंग्रजी पुस्तके 2000 आणि 2003 मध्ये आली, ती या कामातून. कथा आणि संग्रहालय ही दोन वेगळी खाती नव्हेत; बाईचे आयुष्य वस्तूंमधून बोलते करायचे, ही रीत दोन्हीकडे एकच.

कुठून सुरू करावे, असे अनेकजण विचारतात. अकादमी मिळालेल्या ‘शिवप्पु कळुत्तुडन् ओरु पच्चैप्परवै’पासून (लाल मानेचा एक हिरवा पक्षी, 2019) नको. त्यातल्या कथा चांगल्या आहेत, पण त्यांची चाल आधीच्या कथा वाचलेल्यांना जास्त कळते. आधी ‘अम्मा ओरु कोलै सेय्दाळ्’ (आईने एक खून केला) वाचावी: आई गावाला गेलेली असताना मुलीला पहिली पाळी येते, परतल्यावर आई एक वाक्य बोलते, आणि त्या वाक्याने मुलीच्या मनातली आई संपते. पाच-सात पानांचा मामला. मग अजमेरची कथा. मग ‘काट्टिल् ओरु मान्’ (रानात एक हरीण, 2000) हा संग्रह, त्यातही शीर्षककथा, कधीच न्हाण न आलेल्या तंगम आत्याची. इंग्रजीतून वाचणाऱ्यांनी लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांचे अनुवाद घ्यावेत. ‘प्रवास’ या नावाच्या, क्रमांक दिलेल्या कथा सलग वाचू नयेत. एका बैठकीत त्या सारख्या वाटू लागतात.

सुधा गुप्ता या मुंबईकर गुप्तहेर बाईच्या तीन दीर्घकथा मराठी वाचकाला सर्वात जवळच्या. निरीक्षक गोविंद शेळके तिथलेच. पण थरार शोधणाऱ्याची निराशा होईल. गुन्ह्यापेक्षा माणसे का दुरावली, यातच लेखिकेला रस आहे. मधूनमधून पात्रांच्या तोंडी भाषणेही येतात, तेवढी त्यांची ढिली बाजू.

तेव्हा विनंती अशी: अंबै यांची कथा छापताना तिच्याखाली मूळ तमिळ शीर्षक, लिहिल्याचे किंवा संग्रहाचे वर्ष, अनुवाद थेट तमिळमधून की इंग्रजीवरून, आणि अनुवादकाचे नाव द्यावे. चार ओळींची जागा लागते. परवानगीसाठी नागरकोइलच्या ‘कालच्चुवडु’ प्रकाशनाशी पत्रव्यवहार करावा, अंबै यांची बरीच पुस्तके तिथली आहेत. कथेत कापाकापी करू नये, विशेषतः भांडी, मोऱ्या आणि पदार्थांच्या वर्णनात. जागा कमी पडली की पहिली कात्री तिथेच लागते.

आपले,
काही वाचक, ठाणे