गायलं कोण, ते तरी सांगा!

मा. संपादक,
स.न.

कालच्या रविवार पुरवणीतला डिजिटल रेडिओवरचा लेख वाचला. दोनदा वाचला, पहिल्यांदा वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. मैफल म्हणे आता थेट दिवाणखान्यात आली. आवाज किती स्वच्छ, खरखर कशी नाही, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणझण, तीसुद्धा कशी ऐकू येते हे सगळं लेखकाने लिहिलंय आणि ते खरं आहे, मी नाही म्हणत नाही. मिडीयम वेव्हवर संध्याकाळ झाली की जी शिट्टी सुरू व्हायची आणि शेजारी कुणी मिक्सर लावला की आमचा मारवा संपलाच समजायचा, त्यातून सुटका झाली हे शंभर टक्के मान्य. पण मैफल? मैफलीत समोर कोण बसलंय ते माहीत असतं हो.

गेल्या मंगळवारची गोष्ट सांगतो. मुलाने दिवाळीत वाय-फायवर चालणारा रेडिओ आणून दिलाय, तो पहाटे सव्वासहाला लावला आणि दूध तापत ठेवलं. ललत राग चालू होता. दोन्ही मध्यम, शुद्ध आणि तीव्र, असे एकमेकांना चिकटून लागत होते की मी गॅसजवळून हललोच नाही. विलंबित एकताल, घाई अजिबात नाही. आवाज किराणा घराण्याचा वाटत होता पण मध्येच एक तान अशी काही आली की म्हटलं ही तर थेट आग्रा घराण्याची. तबलजी पण काय, नुसता ठेका धरून बसलेला, कुठे मी मी नाही. दूध उतू गेलं, बायको काय बोलली ते इथे लिहीत नाही. आणि द्रुत बंदिश संपल्यावर मी कान टवकारून बसलो की आता सांगतील, आता सांगतील. काही नाही! शेवटचा षड्ज पुरता विरायच्या आत कापला, दोन सेकंद शांतता आणि एकदम वीणा सुरू. वीणेशी माझं भांडण नाही, कर्नाटक संगीत मीही ऐकतो. पण आत्ता जो माणूस पाऊण तास जीव ओतून गायला तो कोण?

सेटला छोटा स्क्रीन आहे. धावत गेलो, चष्मा लावला, तर त्यावर लिहिलेलं 'क्लासिकल, १२८ केबीपीएस', म्हणजे दर सेकंदाला किती डेटा येतो त्याचा आकडा. हे काय त्या गवयाचं नाव आहे का? कुठल्या घराण्याचे हे केबीपीएस?

ते स्टेशन कुणाचं हे लिहीत नाही, तुम्हालाही नोटीस नको आणि मलाही नको. मी त्यांना ईमेल केला होता, दिवस वेळ सगळं घालून, नम्रपणे. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया अॅप अपडेट करा. केलं अपडेट. आता केबीपीएसचं अक्षर मोठं झालंय.

डिजिटल रेडिओत आवाजाबरोबर मजकूरही पाठवता येतो, ती सोय तंत्रातच आहे, स्क्रीनवरची ती पट्टी त्यासाठीच असते. म्हणजे यांना जमत नाही असं नाही, गरज वाटत नाही. अहो १९०२ साली कलकत्त्याला गायिका गौहर जान पहिल्यांदा ग्रामोफोनसाठी गायली, तबकड्या जर्मनीत हॅनोवरला बनायच्या, तिथल्या लोकांना लेबलवर नाव काय छापायचं ते कळावं म्हणून बाई गाणं संपलं की स्वतःच ओरडून सांगायची, माय नेम इज गौहर जान. सव्वाशे वर्षांपूर्वी कर्ण्यात तोंड घालून जे झालं ते तुमच्या १२८ केबीपीएसमध्ये होईना?

आमच्याकडे वडिलांची एक वही आहे. १९५२ला आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, शनिवारी रात्री साडेनऊचा, तो ऐकून वडील टिपून ठेवायचे. तारीख, गायक, राग, साथ. निवेदक आधी सांगायचे आणि शेवटी पुन्हा सांगायचे, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, म्हणून त्यांना लिहिता यायचं. गंमत म्हणजे सुरुवातीच्या कितीतरी पानांवर पेटीवाल्याचं नावच नाही, कारण १९४० पासून तीसेक वर्षं रेडिओवर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदीच होती. बघा, त्या वहीत कोण नव्हतं तेसुद्धा कळतं. पुढे ती वही मी चालवली. मंगळवारच्या ओळीत तारीख आहे, ललत आहे, आणि पुढे कोरं. बायको म्हणते ऐकायला मिळालं ना, मग नाव घेऊन काय करायचंय. आता हिला काय सांगायचं.

सगळंच वाईट आहे असं म्हणायचं नाहीये. बेंगळुरूहून आकाशवाणीने 'रागम' ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी काढली, २६ जानेवारी २०१६ला, तेव्हा मी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पण लेखात एक गोष्ट मुद्दाम गाळलीय का माहीत नाही, ती म्हणजे डिजिटलचं गाणं मागून येतं. आवाजाचे आकडे करायचे, पाकिटं बांधून पाठवायची, इकडे थोडी साठवून पुन्हा जुळवायची, यात वेळ जातोच. आमच्याकडे स्वयंपाकघरात जुना ट्रान्झिस्टर असतो आणि हॉलमध्ये हा नवा, दोन्हीवर एकच स्टेशन लागलं की बायकोची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आधी येते आणि माझी नंतर. ती आतून "वा" म्हणते तेव्हा इकडे गवई अजून मुखड्यावर पण आलेला नसतो. एकदा पाहुणे बसले होते, त्यांना वाटलं बाई उगाच दाद देतायत. आणि रेडिओवरच्या वेळेच्या त्या टिकटिकीवर घड्याळ लावायची वडिलांपासूनची सवय, ती तर सोडूनच द्यावी लागली. मिरजेत राहून, जिथे गल्लीतल्या गल्लीत तंबोरे बनतात, आमच्या घरात मात्र दोन समा.

लिहायला बसलोच आहे तर अजून एक. आपल्याच अंकात पूर्वी आकाशवाणीचे आजचे कार्यक्रम असा एक चौकोन यायचा, हवामानाच्या खाली. केवढा, काडेपेटीएवढा. तो गेली काही वर्षं गायब आहे आणि त्या जागी आता राशीभविष्य दोन प्रकारचं येतं, एक जन्मराशीवरून आणि एक जन्मतारखेवरून. दोन्ही वाचतो, मंगळवारी माझ्या राशीला 'अनपेक्षित लाभ' होता, तो झालाही, पण नाव न सांगता. चौकोन परत सुरू करा, म्हणजे डिजिटल क्रांतीवर अख्खं पान लिहिण्याआधी निदान किती वाजता कोण गाणार आहे ते तरी वाचकाला कळेल. जागा नसेल तर एक भविष्य काढा, हवं तर माझ्या राशीचं काढा.

आणि वाचकांपैकी कुणी गेल्या मंगळवारी पहाटे सहा ते सातमध्ये नेटवरच्या रेडिओवर तो ललत ऐकला असेल आणि गायक ओळखला असेल तर कृपया याच सदरात कळवावं. तबलजीचंही नाव मिळालं तर फारच बरं. वहीत जागा सोडून ठेवलीय.

आपला,
एक श्रोता, मिरज
(माझं नाव नाही छापलंत तरी चालेल, आता सवय झालीय.)