उघडा एअर फिल्टर लावून डिझेल वाचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ट्रकचा मूळ एअर क्लीनर काढून तिथे उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवायचा आणि पाइप मोठा करायचा. मग पिकअप वाढतो, ॲव्हरेजही सुधारतं, असा समज अनेक चालक-मालकांत पक्का बसला आहे. डिझेल इंजिनं उघडून बांधणं हाच माझा व्यवसाय. या समजापायी वाया गेलेले लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्या) हातात येतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, म्हणून लिहितो आहे.

डिझेल इंजिनाची ताकद नोझलमधून किती डिझेल फवारलं जातं यावर ठरते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. धडधाकट टर्बो इंजिन (ज्यात टर्बो नावाचा पंखा हवा दाबून आत ढकलतो) भर लोडवरही त्याहून बरीच जास्त हवा घेतं. जी हवा आधीच उरते आहे, ती वाढवून काय मिळणार? मिळतो तो आवाज. टर्बोची शिट्टी मोठी ऐकू येते आणि गाडी पळते आहे असं वाटतं. उलट, केबिनखाली इंजिनाला खेटून बसवलेला फिल्टर गरम हवा ओढतो. हवा ३० अंशांनी तापली की सुमारे ९ टक्के विरळ होते. टर्बोतून आलेली हवा थंड करणारा इंटरकूलर त्यातलं बरंच भरून काढतो, पण मग खर्च कशासाठी केला?

खरं नुकसान धुळीचं. फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये आतून बोट फिरवून पाहा. बोटाला धूळ लागली, तर तीच धूळ टर्बोच्या पात्यांच्या कडा खाते आहे. पुढे ती ऑइलमध्ये मिसळली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी काम करते. लायनर वरच्या बाजूला झिजतो, पिस्टनच्या रिंगा सैल होतात, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो, गाडी ऑइल खाऊ लागते. तोवर फिल्टर कोणाच्या लक्षातही नसतो.

कागदी फिल्टरला जोरात हवा मारण्याची सवयही सोडायला हवी. घडी कुठे फाटली ते वरून दिसत नाही; आत बल्ब धरला की उजेडाचा ठिपका दिसतो. थोडा मळलेला फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा धूळ जास्त अडवतो. फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा इंडिकेटर लाल झाल्यावर बदला, त्याआधी त्याला हात लावायचं कारण नाही.

गाडी चढाला ओढत नसेल आणि काळा धूर टाकत असेल, तर आधी टर्बोपासून इंजिनापर्यंतचे होज (रबरी नळ्या) तपासा. दाबलेली हवा इथेच निसटते. इंटरकूलरच्या होजवर क्लॅम्पजवळ तेलकट काळा डाग दिसला, की तिथे चीर आहे असं धरून चाला. होज बदलला की गेलेली ताकद परत येते. ही हवा मात्र खरोखर महत्त्वाची, आणि नेमकं तिकडेच कोणी पाहत नाही.

डिझेल वाचवायचं असेल तर टायरची हवा आणि वेग सांभाळा. ताशी ६० वरून ८० किलोमीटरवर गेलात की वाऱ्याचा विरोध पावणेदोन पटींहून अधिक होतो. कुठलाही फिल्टर तो कमी करू शकत नाही.

मालकांनी मूळ एअर क्लीनर काढू देऊ नये आणि आधीच काढला असेल तर पुन्हा बसवून घ्यावा, एवढी विनंती आपल्या पत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक