आवाज बंद केल्याबद्दल

बाई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर 'एवढं काय केलं मी' म्हणून आठ दिवस माझ्याशी बोलणार नाही तुम्ही. शिवाय आपल्या जिन्यात तुम्हाला सगळे बाईच म्हणतात, ज्यांना तुम्ही कधी गणित शिकवलं नाही तेसुद्धा. मला मात्र शिकवलंत. सातवीत, नफा-तोटा.

परवा घराची चावी हातात आली. कामोठे, वन बीएचके, जुनी इमारत, खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते. माझ्या एकटीच्या नावावर. आईबाबांच्या पाया पडले, पेढे घेऊन समोर तुमच्याकडे आले आणि तोंडातून शब्द फुटेना. तुम्ही अर्धा पेढा मोडून घेतलात, साखर वाढलीय म्हणालात, आणि सवयीने टीव्ही लावलात. आवाज न करता. तिथून उठून आले ती हे पत्र लिहायला बसले.

जून २०२२ मध्ये घणसोलीची भाड्याची जागा सोडून मी नेरुळला परत आले, तेव्हा ३१ वर्षांची होते. आम्ही तिघी मिळून राहायचो, माझ्या वाट्याला १६ हजार यायचे, आणि दर अकरा महिन्यांनी करार नवा, भाडं दहा टक्क्यांनी चढं. त्या घरमालकांचे आभार मानायचे राहूनच गेलेत. ७५ हजारांच्या डिपॉझिटमधले २१ हजार त्यांनी भिंती खराब केल्या म्हणून कापले. आम्ही ठोकलेला खिळा एकच, तोही कॅलेंडरचा. एवढा महाग खिळा नवी मुंबईत दुसरा नसेल. पण ते पैसे त्यांनी सरळ परत केले असते तर मी बहुधा शेजारच्याच गल्लीत दुसरी खोली बघितली असती. त्या रात्री मात्र हिशोब मांडला आणि बाबांना फोन केला की मी घरी येते, दोन-तीन वर्षं राहीन, पैसे साठवीन. बाबा म्हणाले, "ये की. दिवाण रिकामाच आहे."

बाकीच्यांना ते इतकं सोपं वाटलं नाही. पनवेलला मुंजीत आत्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "परत आलीस म्हणे. काही झालं का?" मामांचं म्हणणं, घर कशाला घेतेस, लग्न कर, घर आपोआप मिळेल. कोणाचं, ते मामांनी सांगितलं नाही. मुलगा आईवडिलांकडे राहिला की तो संस्कारी, आणि मुलगी राहिली की ती 'राहून गेलेली'. असो. या मंडळींना पेढे कुरियरने पाठवणार आहे.

घरी सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं असंही नाही. ते तुम्हाला ठाऊक आहेच, भिंत एकच आहे आपली. सिडकोचं वन रूम किचन, त्यात तीन मोठी माणसं. मोरबे धरण महापालिकेचं स्वतःचं असलं तरी आमच्या टाकीचा पंप महिन्यातून दोनदा रुसायचा, मग सकाळी बाथरूमसाठी नंबर. दहा वाजता बाहेर पडताना "कुठे, कोणाबरोबर, किती वाजता येशील" ही प्रश्नपत्रिका. बाबांचे कान ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत मशीनशेजारी उभं राहून गेलेले. बातम्या तळमजल्याला ऐकू गेल्या की मगच त्यांना ऐकू येतात. आणि आईचा कुकर रात्री आठला लागतो. तीस वर्षं आठलाच लागतोय, माझ्या नोकरीसाठी तो साडेसातला का लागावा?

माझं काम अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांचं. तिकडची सकाळ म्हणजे इकडचे रात्रीचे आठ-साडेआठ. आठवड्यातून दोन दिवस ऐरोलीला ऑफिस, उरलेले तीन दिवस दिवाणावर बसून कॉल. गॅलरीत जावं तर कबुतरं, आत यावं तर बातम्या. एकदा आमच्या साहेबांनी भर कॉलवर विचारलं, "तुमच्याकडे रोज भातच असतो का?" सगळे हसले. मीपण हसले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसले.

तिथे तुम्ही मला पाहिलंत. हातात भाजीची पिशवी होती. काय करतेस, का बसलीस, काही विचारलं नाहीत. "इथे डास फोडून काढतील. आत ये," एवढंच.

तुमच्या हॉलमध्ये शिलाई मशीनचं झाकण लावून टेबल केलंत आणि मला तिथे बसवलंत. मी भिंतीकडे तोंड करून, तुम्ही माझ्यामागे खुर्चीत. साडेआठ वाजले. तुमच्या तीन मालिका असतात त्या वेळात, साडेआठ ते दहा, हे अख्ख्या मजल्याला माहीत. मी मनात म्हटलं, झालं, एका टीव्हीतून सुटून दुसऱ्यासमोर आले. तुम्ही रिमोट उचललात, टीव्ही लावलात, आणि एक बटण दाबलंत. चित्र चालू, आवाज बंद.

मला वाटलं, पहिला दिवस आहे, पाहुणी म्हणून करतायत. दुसऱ्या दिवशीही तेच. मग आठवडा, मग महिना. मी दोनदा म्हटलं, बाई, मी हेडफोन लावते, तुम्ही लावा ना आवाज. तुम्ही म्हणालात, "आवाज नसला की कोण खोटं रडतंय ते लवकर कळतं." कॉल संपला की कुठल्या बाईने कुठल्या बाईला काय सुनावलं ते तुम्ही मला सांगायचात, सगळं मनाने रचून. निळ्या साडीवाली ती सासू, चष्मेवाला तो वकील, आणि त्या धाकट्या सुनेचं पोटात एक, ओठात एक.

आणि एकदाही, एकदाही बाई, "चहा टाकू का" म्हणून मध्ये आला नाहीत. आपल्याकडे पाहुणचाराने माणसाला कामातून उठवायची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

एका रविवारी तुमचा डबा परत द्यायला आले होते. सुट्टी होती, मी येणार हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. दार उघडंच होतं, तुम्ही टीव्हीसमोर, आणि आवाज बंद. मी दारातच थांबले. तुम्ही म्हणालात, आता आवाज लावला तर गोंगाट वाटतो. खरं होतं की माझी समजूत घालत होतात, मला आजवर कळलेलं नाही. डबा ओट्यावर ठेवला आणि घरी येऊन आईशी उगाच भांडले.

पैशांचं तुम्ही कधी खोदून विचारलं नाहीत. महिन्याच्या एक तारखेला फक्त "टाकले का?" मी हो म्हटलं की कॅलेंडरच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशोबाखाली, २८ लिहायचात. २८ हजार. असे ३३ महिने. कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तो खड्डा शेवटी पीएफने भरला. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, २०२१ पासून, हे मात्र तुम्हीच सांगितलंत, पेपरातलं कात्रण पुढे करून. ४६ लाखांच्या घरावर १ टक्का म्हणजे ४६ हजार. मामांच्या सल्ल्याने किती वाचले असते ते एकदा काढून द्या, तुमचं गणित चांगलं आहे. शेवटच्या महिन्यात तुम्ही सगळी पानं काढून बेरीज केलीत, ९ लाख २४ हजार, त्यातून माझ्या वाट्याचे २० टक्के, म्हणजे ९ लाख २० हजार, वजा केलेत आणि म्हणालात, "चार हजार उरले. पंखा घे."

पंखा घेतला. तीन पात्यांचा, पांढरा.

माणसं मदत करतात, नाही असं नाही. पण बहुतेकांच्या मदतीला एक शेपूट असतं. मागून कधीतरी ते हलतं, 'तेव्हा मी होतो म्हणून'. तुम्ही जे केलंत ते कोणाला सांगायचं तरी कसं? टीव्हीचा आवाज बंद ठेवला, यात सांगण्यासारखं काय आहे? आईला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगंबाई, मला वाटलं त्यांचा टीव्ही बिघडलाय." अडीच वर्षं तिला तसंच वाटत होतं. तुम्ही ते कधी दुरुस्तही केलं नाहीत.

कामोठ्याला अजून सामान लागलेलं नाही. टीव्ही तेवढा लावून घेतला. काल साडेआठला तुमची मालिका पहिल्यांदाच आवाजासकट पाहिली. निळ्या साडीवाली सासू नाही, मावशी आहे. चष्मेवाला वकील नाही, डॉक्टर आहे. आणि ती धाकटी सून बिचारी अगदी साधी आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. अर्धा तास कसाबसा बसले. तुम्ही रचलेले संवाद कितीतरी बरे होते.

तुमची,
समोरच्या दारातली